ई-व्हेरिफायमध्ये ‘मिसमॅच’ आला म्हणून एचआरने घरी बसायला सांगितलंय. आता काय करू?

तुम्हाला घरी बसवणं हेच मुळात चूक आहे. ई-व्हेरिफाय म्हणजे कामगाराची माहिती सरकारी नोंदींशी जुळवून त्याला अमेरिकेत काम करायचा हक्क आहे का हे तपासणारी सरकारची ऑनलाइन सोय, आणि मिसमॅच म्हणजे ती माहिती जुळली नाही. मिसमॅचचा निकाल लागेपर्यंत कंपनी तुम्हाला काढू शकत नाही, बिनपगारी ठेवू शकत नाही, तास कमी करू शकत नाही, ट्रेनिंगसुद्धा पुढे ढकलू शकत नाही. ई-व्हेरिफाय वापरायला घेताना प्रत्येक कंपनी सरकारशी करार करते आणि त्या करारातच हे लिहिलेलं असतं. एचआरच्या बाईंना ते माहीत नसेल तर त्यांनी वाचावं.

प्रश्नाच्या शेवटी तुम्ही आणखी एक विचारलंय, की ही तपासणी सगळ्या अमेरिकेत सक्तीची झाली तर आपल्यासारख्या नियमाने राहणाऱ्यांचा फायदाच नाही का. खरं सांगायचं तर मी लिहायला बसले ती या ओळीमुळे. माझे मोठे दीर गेली कित्येक वर्षं हेच म्हणत आलेत. ‘कर नाही त्याला डर कशाला,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांना मी समोरासमोर जे सांगत आलेय तेच इथे सविस्तर लिहिते.

२०१५ मध्ये एच-४ वर, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, असलेल्यांपैकी काहींना, म्हणजे ज्यांच्या नवऱ्याचं किंवा बायकोचं ग्रीन कार्डचं काम ठरावीक टप्प्यापर्यंत गेलंय अशांना, कामाचा परवाना मिळायला लागला. त्याआधीची कित्येक वर्षं मी हातात पदवी असूनही घरात होते. माझं ईएडी, म्हणजे कामाच्या परवान्याचं कार्ड आलं, सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे इथे प्रत्येक कामगाराला लागणारा सरकारी नंबर मिळाला आणि पुढच्या वर्षी एका छोट्या मेडिकल बिलिंग ऑफिसात नोकरी लागली. आम्ही ॲरिझोनात राहतो. इथे २००८ पासून प्रत्येक मालकाला ई-व्हेरिफाय सक्तीचं आहे, त्यामुळे माझी तपासणी होणारच होती आणि त्याला माझी काहीच हरकत नव्हती.

पहिल्या दिवशी मी आय-९ चा, म्हणजे नोकरीवर घेताना कामाचा हक्क तपासायच्या सरकारी फॉर्मचा, माझा भाग भरला. जन्मतारीख अमेरिकन पद्धतीने, आधी महिना मग दिवस, माझ्या अक्षरात स्वच्छ लिहिली. ईएडी दाखवलं. ईएडी हे ‘लिस्ट ए’मधलं कागदपत्र, म्हणजे ओळख आणि कामाचा हक्क दोन्ही त्या एका कार्डावर सिद्ध होतात आणि मालकाला त्यापुढे काहीही मागायचा अधिकार नसतो. तरी मॅनेजर म्हणाली, “पासपोर्टही लागेल, आमच्याकडे सगळ्यांचाच घेतो.” सगळ्यांचा म्हणजे कोणाचा, तर बाहेरून आलेल्यांचा. माझ्याच बरोबर लागलेल्या गोऱ्या मुलीने ड्रायव्हिंग लायसन्स आणि सोशल सिक्युरिटी कार्ड दिलं, तिला कोणी पासपोर्ट विचारला नाही.

पासपोर्टची झेरॉक्स काढली आणि मॅनेजरने ई-व्हेरिफायमध्ये माझी माहिती त्या झेरॉक्सवरून टाकली. आता आपल्या पासपोर्टवर तारीख कशी असते? आधी दिवस, मग महिना. माझा जन्म ५ ऑगस्टचा, म्हणून तिथे ०५/०८. तिने ते अमेरिकन डोळ्यांनी वाचलं आणि टाकलं ८ मे. अर्थात जन्मतारीख सोशल सिक्युरिटीच्या नोंदीशी जुळली नाही आणि मिसमॅच आला. माझ्या आय-९ वर बरोबर तारीख, ईएडीवर तर महिना अक्षरांत छापलेला, दोन्ही कागद तिच्या फायलीत. जो कागद मागायचाच नव्हता त्यावरून घोळ झाला.

पण हे मला तेव्हा कळलंच नाही, कारण मला काही दाखवलंच नाही. नियम असा आहे की मिसमॅच आला की मालकाने तुम्हाला एकांतात बोलावून त्याची नोटीस हातात द्यायची, तुम्हाला दाद मागायची आहे का हे विचारायचं आणि त्यावर तुमची सही घ्यायची. मला काय सांगितलं, तर पुढच्या टेबलावरच्या दोघींना ऐकू जाईल अशा आवाजात, “सरकार म्हणतंय तुझ्या कागदांत गडबड आहे, क्लिअर होईपर्यंत घरी थांब.” तेवढं बोलून ती आत निघून गेली. आयुष्यात एक व्हिसा एक दिवस जास्त राहिलेली नाही मी, आणि चार लोकांत माझ्या कागदांत गडबड!

घरी आल्यावर नवरा म्हणाला, वकील बघू. दिरांचा फोन आला. ते म्हणाले, “काहीतरी असणार गं, सिस्टिम उगाच नाही अडवत.” हे वाक्य मी अजून विसरलेले नाही.

मी वकील केला नाही. ई-व्हेरिफाय वापरणाऱ्या प्रत्येक कंपनीला दोन पोस्टर लावावी लागतात, एक आम्ही ई-व्हेरिफाय वापरतो हे सांगणारं आणि दुसरं न्याय विभागाचं, कामगाराच्या हक्कांचं. आमच्या ऑफिसात ती मायक्रोवेव्हच्या वर चिकटवलेली होती. ट्रेनिंगच्या दिवशी जेवताना मी ती वाचली होती. त्या दुसऱ्या पोस्टरवरचा नंबर फिरवला. फोनवरच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की नोटीस हातात मिळाली का? मी नाही म्हटल्यावर त्यांनी ऑफिसचा नंबर घेतला आणि स्वतः तिकडे फोन करून मालकाला नियम समजावून सांगितला. दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं.

नोटिशीत कारण छापलेलं होतं, नाव किंवा जन्मतारीख सोशल सिक्युरिटीच्या नोंदीशी जुळत नाही. मी म्हटलं, तुम्ही काय टाकलंय ते स्क्रीनवर दाखवा. मॅनेजरने मॉनिटर वळवला. मे महिना. मी काही न बोलता तिच्याच फायलीतल्या आय-९ वर बोट ठेवलं. तिने ती केस चुकीची माहिती म्हणून बंद केली, नवी उघडली, आणि खुर्ची मागे सरकवायच्या आत निकाल आला, कामास पात्र. घरी बसवलेल्या दिवसांचा पगार मात्र सहज मिळाला नाही, त्यासाठी पुन्हा त्या हेल्पलाइनला मध्ये घ्यावं लागलं. पण मिळाला.

म्हणून म्हणते, ‘कर नाही त्याला डर कशाला’ हे ज्यांना कधी रांगेतून बाजूला काढलेलं नाही त्यांचं तत्त्वज्ञान आहे. मी काय केलं होतं?

आता दिरांचा दुसरा मुद्दा, आणि तुमचाही. सगळीकडे सक्ती केली की बेकायदा कामगार संपतील. नाही संपणार. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सही केलेल्या कायद्याने पहिल्यांदा मालकाला जबाबदार धरलं आणि आय-९ आणला. त्याच कायद्याने सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर केलं. यापुढे बेकायदा माणसाला काम मिळणार नाही, असं तेव्हाही सांगितलं होतं. पण कायद्यात शब्द काय घातला, तर ‘जाणूनबुजून’ कामावर ठेवलं तर गुन्हा. कागद दिसायला खरा वाटला की मालकाची जबाबदारी संपली. मग खोटे कागद बनवणाऱ्यांची चांदी झाली आणि मालकांनी झेरॉक्स काढून फायली भरल्या.

त्यावर उपाय म्हणून १९९७ मध्ये पाच राज्यांत बेसिक पायलट नावाची संगणकी तपासणी प्रयोग म्हणून आणली, तिचंच नाव पुढे ई-व्हेरिफाय झालं. स्विफ्ट ही मोठी मांसप्रक्रिया कंपनी तेव्हापासून ही तपासणी स्वतःहून करत होती. डिसेंबर २००६ मध्ये तिच्या सहा कारखान्यांवर एकाच दिवशी धाडी पडल्या आणि जवळपास १३०० कामगारांना अटक झाली. हे सगळे ‘पास’ झालेले होते, कारण त्यातल्या अनेकांनी दुसऱ्या, खऱ्याखुऱ्या माणसाचं नाव आणि नंबर वापरला होता. संगणक दोन नोंदी जुळवतो, समोर उभा असलेला माणूस तोच आहे का हे त्याला कसं कळणार? सरकारने स्वतः करून घेतलेल्या २००९ च्या पाहणीत असं निघालं की बेकायदा कामगारांपैकी निम्म्याहून थोडे जास्त, ५४ टक्के, या चाळणीतून सुखरूप खाली येतात. नंतर काही कागदपत्रांचे फोटो जुळवायची सोय वाढवली, तरी २०२५ च्या जूनमध्ये ओमाहातल्या एका मांस कारखान्यावर धाड पडलीच, आणि तो मालकही ई-व्हेरिफाय करत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

आणि ज्यांना फसवायचंच आहे त्या मालकांचं काय? त्यांना नोंदी जुळवायची गरजच पडत नाही. कामगाराला कागदोपत्री स्वतंत्र कंत्राटदार दाखवलं की आय-९ लागत नाही. मध्ये एक मुकादम घातला की माणसं त्याची, जबाबदारी त्याची. आमच्या ॲरिझोनाचा कायदा सुप्रीम कोर्टात गेला, २०११ मध्ये तिथे टिकला, दोनदा पकडलं तर धंद्याचं लायसन्स कायमचं जप्त करायची तरतूद त्यात आहे. प्रत्यक्षात कारवाई झालेले मालक बोटांवर मोजण्याइतके. शेतीत पिकांवर राबणाऱ्या मजुरांपैकी सुमारे ४० टक्क्यांकडे परवाना नाही हे अमेरिकेच्या कृषी खात्यालाच माहीत आहे. उद्या खरोखर सक्ती आणि खरोखर अंमलबजावणी झाली तर तोडणी कोण करणार, याचं उत्तर कोणाकडे नाही, म्हणून तर सक्तीची विधेयकं दर काही वर्षांनी येतात आणि पडून राहतात. २०१३ चं सिनेटचं विधेयक मला त्यातल्या त्यात शहाणपणाचं वाटलं होतं. त्यात ई-व्हेरिफाय टप्प्याटप्प्याने सगळ्यांना सक्तीचं होतं, पण बरोबरीने इथे आधीच राहणाऱ्यांना कायदेशीर व्हायचा रस्ताही होता. ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर झालं. खालच्या सभागृहाने ते मतदानालाच घेतलं नाही.

दिरांना मी हे सांगितलं की ते म्हणतात, म्हणजे तू बेकायदा लोकांच्या बाजूची. मी कोणाच्या बाजूची नाही. मी म्हणते मालकाने नोटीस लपवली, जास्तीचे कागद मागितले, घरी बसवलं, तर त्यालाही तेवढाच जबर दंड लावा, मग खुशाल सक्ती करा. तपासणी सगळ्यांची आणि शिक्षा फक्त कामगाराला, हे मला मान्य नाही. त्यात सरकार स्वतःच कायदेशीर माणसाला बेकायदा करतंय ते वेगळंच. बऱ्याच प्रकारच्या ईएडींना, नूतनीकरणाचा अर्ज वेळेत केला असेल तर ५४० दिवसांपर्यंत मुदतवाढ आपोआप मिळायची. ३० ऑक्टोबर २०२५ पासूनच्या अर्जांना ती बंद केली. म्हणजे अर्ज यांच्या टेबलावर पडून राहणार आणि नोकरी आपली जाणार. भाऊजी, आता तुम्हीच सांगा, यात कोणाची गडबड आहे?

हां, तुमच्या बाबतीत दोन गोष्टी माझ्यापेक्षा वेगळ्या आहेत. तुम्ही स्टेम ओपीटीवर आहात (ओपीटी ही परदेशी विद्यार्थ्यांना शिक्षणानंतर मिळणारी कामाची परवानगी, स्टेम ही तिची विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांसाठीची वाढीव मुदत) आणि तिथे कंपनी ई-व्हेरिफायमध्ये असणं ही अटच आहे, त्यामुळे ‘मला ही तपासणी नको’ म्हणायची सोय तुम्हाला नाही. शिवाय बेकारीचे दिवस मोजले जातात, ओपीटी धरून एकूण १५०. तुम्हाला कामावरून काढलेलं नाही, फक्त घरी बसवलंय, हे एचआरकडून ईमेलवर लेखी घ्या आणि आजच विद्यापीठातल्या डीएसओला, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याला कळवा. एच-१बीवर याचा काय परिणाम होईल ते त्यांना किंवा वकिलालाच विचारा, मी वकील नाही.

दुसरं, मी वर ज्या संरक्षणाबद्दल तावातावाने लिहिलंय ते दाद मागणाऱ्यालाच आहे. नोटिशीवर ‘दाद मागायची आहे’ ही खूण करून सही करा. त्यानंतर केस पुढे पाठवली की सोशल सिक्युरिटी ऑफिसात जायला किंवा होमलँड सिक्युरिटी या गृहसुरक्षा खात्याशी संपर्क करायला सरकारी कामकाजाचे ८ दिवस मिळतात, नेमकी तारीख कंपनीने दिलेल्या कागदावर असते. ती चुकली आणि शेवटचा निकाल विरुद्ध गेला तर कंपनी तुम्हाला काढू शकते, आणि मग ते कायदेशीर असतं.

नोटीस अजून मिळाली नसेल तर आज दुपारच्या आत मागा. मिळाली की आधी कंपनीने टाकलेली माहिती स्क्रीनवर बघा. जन्मतारखेतला दिवस-महिना बघा, वडिलांचं नाव मधल्या नावात गेलंय की पहिल्या नावाला चिकटलंय ते बघा, आडनावाचं स्पेलिंग बघा. तिथे सगळं बरोबर असेल तरच सोशल सिक्युरिटीच्या रांगेत उभे राहा.