माझा 12 वर्षांचा मुलगा न्यू जर्सीत बेसबॉल खेळतो, पिचर (म्हणजे बॅटरकडे चेंडू फेकणारा) आहे. दोन आठवडे कोपर आतल्या बाजूने दुखतंय. कोच म्हणतात बर्फ लावा. खेळू द्यावं का?

नका देऊ. आधी मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, तोवर फेकणं पूर्ण बंद. बर्फाने दुखणं दबेल, कारण तसंच राहील.

मी डॉक्टर नाही, इथल्याच मुलांच्या लीगमध्ये कोचला मदत करतो. या वयात कोपराच्या आतल्या बाजूचं हाड पुरतं जुळलेलं नसतं, तिथे वाढीची कूर्चा असते. मागे गेलेला हात झपकन पुढे येताना सगळा ताण तिथे बसतो. मोठ्यांचा अस्थिबंध (हाडाला हाड बांधणारा पट्टा) फाटतो, मुलांची बहुधा आधी ही कूर्चा दुखावते. आपल्या क्रिकेटमध्ये हात सरळ असतो आणि फास्ट बोलरची पाठ जाते, त्यामुळे कोपर आपल्या डोक्यातच येत नाही.

मेजर लीग (अमेरिकेतली व्यावसायिक बेसबॉल लीग) आणि यूएसए बेसबॉलच्या 'पिच स्मार्ट' या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे 11-12 वर्षांच्या मुलाने दिवसाला फार तर 85 पिच (बॅटरकडे फेकलेले चेंडू) टाकावेत, 66 किंवा जास्त झाले तर पुढे चार दिवस विश्रांती. गोम अशी, की मुलगा लीगमध्येही असतो आणि ट्रॅव्हल टीममध्येही (बाहेरगावी खेळायला जाणारा संघ), अन् प्रत्येक कोच फक्त स्वतःचेच पिच मोजतो. बेरीज तुम्हालाच ठेवावी लागेल. ज्या सामन्यात पिचिंग केलं त्यात कॅचर (बॅटरच्या मागे चेंडू झेलणारा) म्हणून उभं राहू देऊ नका. वर्षातले चार महिने तरी पिचिंग नको, त्यातले दोन-तीन सलग.

कर्व्हबॉलवर (वळणाऱ्या चेंडूवर) सगळे खापर फोडतात. प्रयोगशाळेत मोजल्यावर मात्र मुलांच्या कोपरावर फास्टबॉलचाच (सरळ वेगवान चेंडूचाच) ताण जास्त निघाला. खरा घात थकव्याने होतो. 2006 च्या एका अमेरिकी अभ्यासात, हात थकलेला असतानाही नेहमी पिचिंग करणाऱ्यांना ऑपरेशन लागण्याची शक्यता 36 पट आढळली. कोपर खाली यायला लागलं, चेंडू वर जायला लागले, की त्याला बाहेर काढायला सांगा. कोचला राग आला तर येऊ दे.

आणि 'टॉमी जॉन ऑपरेशन (कोपराचा फाटलेला अस्थिबंध नव्याने बसवणं) केलं की हात आणखी मजबूत होतो' असं कुणी पालक सांगतील, ते ऐकू नका. 1974 मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी ते पहिल्यांदा केलं, तेव्हा खुद्द टॉमी जॉन या पिचरचा 1975 चा अख्खा सीझन गेला होता.

डॉक्टरांकडे जाताना गेल्या दोन महिन्यांचे सामने आणि आठवतील तेवढे पिच लिहून न्या. एक्स-रे कदाचित दोन्ही कोपरांचा काढतील, तो तुलनेसाठी असतो, घाबरू नका.