मामड्याल आडनाव: मूळ गाव कोणतं आणि माणसं किती

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरचं आडनाव मामड्याल, आजोबा सोलापुरात गिरणीत होते, घरात अजूनही तेलुगू बोलतात. आडनावांचे आकडे देणाऱ्या एका परदेशी संकेतस्थळावर या आडनावाची माणसं जगभरात अगदी मोजकी दाखवली आहेत. नात्यातल्या कुणी सांगितलं की हे आडनाव मामलेदारीवरून पडलं. तर मूळ कोणतं, खरी संख्या किती, आणि आडनाव संपत चाललंय का, हे तुम्हाला हवंय.

दुर्मिळ आहे ते या आडनावाचं सोलापुरी रूप. आडनाव स्वतः तेलंगणात चांगलं पसरलेलं आहे, फक्त तिथं ते 'मामिडाला' किंवा 'मामिड्याला' असं लिहितात. तुम्ही शोधताय त्या स्पेलिंगनं ते तिथं सापडणारच नाही.

मामलेदारीची गोष्ट सोडून द्या. मामलेदार हा मराठी मुलखातला आणि मुंबई इलाख्यातला हुद्दा. निजामाच्या राज्यात, जिथून सोलापूरचे तेलुगू विणकर आले, तिथं तालुक्याचा अधिकारी तहसीलदार होता. शिवाय 'ड्याल' या शेपटाचा त्यात काही उलगडा होत नाही. तो उलगडा तेलंगणाच्या नकाशावर मिळतो. जगत्याल, मंचिर्याल, चेरियाल ही गावं बघा. तेलुगूत ती जगित्याला, मंचिर्याला, चेर्याला अशी आहेत. त्याच ओळीतलं मामिड्याला हे गाव सिद्दिपेट जिल्ह्यात मुलुगू मंडलात (मंडल म्हणजे आपल्या तालुक्यासारखा भाग) होतं. 'होतं' म्हणायचं कारण, कोंडपोचम्मा सागर हा 15 टीएमसीचा जलाशय झाला, मे 2020 मध्ये त्यात पाणी सोडलं, आणि त्याच्या बुडीत क्षेत्रात हे गाव गेलं. दुसरं मामिडाला सूर्यापेट जिल्ह्यात तिरुमलगिरी मंडलात आहे. मामिडी म्हणजे आंबा. आंब्याची झाडं कुठल्या एका तालुक्याची मक्तेदारी नाहीत, म्हणून अशा नावाची गावं एकाहून जास्त आहेत आणि आडनावाचं मूळही एकच असण्याचं कारण नाही.

आता एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. तेलुगूत आडनावाला 'इंटि पेरु', म्हणजे घराचं नाव म्हणतात. गावावरून पडलेलं घराचं नाव हे गाव सोडल्यावर पडतं. अकलूजच्या माणसाला अकलूजमध्ये कुणी अकलूजकर म्हणत नाही, तो दुसरीकडे जाऊन राहिला की म्हणतात. तसंच इथं. म्हणजे तुमचं घराणं मामिड्यालाहून आधी दुसऱ्या एखाद्या गावी गेलं, तिथं त्याला हे नाव चिकटलं, आणि त्यानंतर कधीतरी पुढच्या पिढीतलं कुणी सोलापूरला आलं. आजोबांच्या तोंडी 'आपलं गाव' म्हणून जे नाव असेल ते बहुधा मामिड्याला नसेलच. तसं निघालं तर गोंधळू नका. दोन्ही खरी असतील, काळ वेगळा.

सोलापूरचा टप्पा कसा आला हे सांगतो, कारण आडनावाचं आजचं रूप इथंच घडलं. 1860 च्या सुमारास मुंबईकडून रेल्वे सोलापूरला पोचली. 1874 मध्ये वाडी ते सिकंदराबाद हा निजामाचा लोहमार्ग सुरू झाला आणि तेलंगणातून सोलापूरला येणं सोपं झालं. 1877 मध्ये इथं पहिली कापडगिरणी, आपली जुनी मिल, उभी राहिली. हातमागावर तेलुगू विणकर त्याआधीही होते, पण गिरण्या वाढल्या तसा ओघ वाढला आणि साखर पेठ, भद्रावती पेठ, दाजी पेठ हा सगळा पूर्व भाग पद्मशाली, म्हणजे या तेलुगू विणकर समाजाच्या, वस्तीनं भरला. ही माणसं नाव सांगायची तेलुगूत, लिहून घेणारा कारकून असायचा मराठी किंवा कानडी. मराठी कानाला शब्दाच्या शेवटचा आखूड 'अ' ऐकू येत नाही, म्हणून सादुला झालं सादूल, कुचना झालं कुचन. वेमुला हे तेलंगणात बोलताना येमुला होतं (वेमुलवाड्याला तिकडं येमुलाडा म्हणतात ते याच चालीनं), आणि सोलापुरात आलं ते येमूल होऊन. त्यात पुन्हा आपला शुद्धलेखनाचा नियम: अकारान्त शब्दातला उपान्त्य इकार-उकार दीर्घ. म्हणून शाळेत गुरुजींनी सादूल, येमूल लिहिलं आणि दुकानाच्या पाटीवर सादुल, येमुलही राहिलं. मामिड्यालामधला मधला 'इ' आणि शेवटचा आखूड 'अ', दोन्ही याच वाटेनं गेले आणि उरलं मामड्याल.

ही आडनावं आता पक्की सोलापुरी झालीत. गंगाधर कुचन 1980 आणि 1984 ला इथून लोकसभेवर गेले, त्यांच्यानंतर धर्मण्णा सादूल, 1996 ला लिंगराज वल्याळ. वल्याळमधला 'ळ' बघा. तेच 'याल' शेपूट, मराठी लेखणीतून उतरलेलं. माजी आमदार नरसय्या आडम मास्तरांचं आडनावही तिकडचंच. कोंडा हे आडनाव मात्र दोन्हीकडे जसंच्या तसं टिकलं. तेलंगण चळवळीतले कोंडा लक्ष्मण बापूजी आणि आपल्याकडचे कोंडा यांचं लेखन एकच आहे, कारण 'कोंडा'तला शेवटचा 'आ' लांब आहे, त्यात मराठी कानाला गाळण्यासारखं काही नाही. आडनाव दुर्मिळ दिसणं किती योगायोगाचं असतं ते यावरून कळेल: कोंडा असता तर तुम्ही हा प्रश्न विचारलाच नसता.

या शहराच्या दप्तरांना परक्या नावांची सवय होती हेही लक्षात घ्या. 12 जानेवारी 1931 ला फाशी गेलेले आपले चार हुतात्मे: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. कानडी, मारवाडी, मराठी, आणि चौथं तर मराठी अर्थानं आडनाव नसलेलं नाव. एवढ्या भाषांची नावं एकाच लिपीत उतरवायची तर लिहिणाऱ्याचा कान हाच नियम होतो.

आता आकड्यांकडे. भारताच्या जनगणनेत प्रत्येकाचं नाव लिहून घेतात, पण आडनावांची मोजणी प्रसिद्ध होत नाही. जनगणना अधिनियम 1948 च्या कलम 15 नुसार व्यक्तिगत नोंदी कुणालाही पाहता येत नाहीत. त्यामुळे 2011 च्या गणनेतून सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 43 लाख 18 हजार आणि शहराची साडेनऊ लाख एवढं मिळतं, त्यात मामड्याल किती हे मिळत नाही. पुढची गणना 2027 ची, तिच्यातूनही मिळणार नाही. अमेरिकेत वेगळी पद्धत आहे. तिथलं जनगणना खातं 100 किंवा अधिक वेळा आलेल्या आडनावांची यादी काढतं. 2010 च्या यादीत 1,62,253 आडनावं होती आणि पटेल 95 व्या क्रमांकावर होतं. आपल्याकडे अशी सरकारी यादी नाही. म्हणून भारतीय आडनावांपुढे दिसणारा कोणताही 'जागतिक आकडा' हा मतदार याद्या, टेलिफोन डिरेक्टरी अशा उघड याद्यांतून नमुना घेऊन वाढवलेला अंदाज असतो, तो कितीही नेमका छापलेला असला तरी.

तुमच्या आडनावाच्या बाबतीत या अंदाजाला तीन मोठी भोकं आहेत. पहिलं स्पेलिंगचं. मामड्याल रोमन लिपीत लिहिताना 'ड'च्या आधी कुणी 'ए' घालतं, कुणी 'आय', कुणी काहीच नाही, शेवटी कुणी 'ए' ठेवतं. संकेतस्थळ प्रत्येक स्पेलिंगला स्वतंत्र आडनाव धरतं. एकाच घरात भावाभावांची आधार कार्डं वेगळ्या स्पेलिंगची असली तर तिथं दोन आडनावं झाली. दुसरं भोक आद्याक्षराचं. तेलंगणात घराचं नाव आधी येतं आणि पुष्कळजण त्याचं नुसतं आद्याक्षर लिहितात. पासपोर्टवर मग व्यक्तीचं नावच आडनावाच्या रकान्यात जातं आणि मामिडाला मोजणीतून गायब होतं. सोलापुरात आपण नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी मराठी मांडणी घेतली म्हणून आपली आडनावं निदान दिसतात तरी. तिसरं भोक बायकांचं: लग्नानंतर कुणाचं बदललं, कुणाचं नाही, कुणाचं एका कागदावर बदललं आणि दुसऱ्यावर राहिलं.

खरा आकडा हवा असेल तर तो स्वतः काढावा लागेल, आणि निदान सोलापूरपुरता तो निघू शकतो. मतदार याद्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर भागवार मिळतात. जिल्ह्यात विधानसभेचे 11 मतदारसंघ आहेत, पण सुरुवात शहर मध्य, शहर उत्तर आणि दक्षिण सोलापूर या तिघांपासून करा, पद्मशाली वस्ती मुख्यतः तिथं आहे. देवनागरी यादीच वापरा. इंग्रजी यादीत यंत्रानं केलेलं लिप्यंतर असतं आणि ते नव्या चुका घालतं. मामड्याल, मामडयाल, मामिड्याल, मामडाल अशी सगळी रूपं एकत्र मोजा. 'ड्या' आणि 'डया' हा फरक संगणकाला वेगळा शब्द वाटतो, याकडे हमखास दुर्लक्ष होतं. हाती येईल ती 18 वर्षांवरच्या नोंदलेल्या मतदारांची संख्या. मुलं त्यात नाहीत, मयत आणि दुबार नावं थोडी असतात. नंतर भिवंडी बघा, मग पुणे आणि मुंबई. सुरतलाही पद्मशाली वस्ती मोठी आहे, तिथली यादी गुजरातीत मिळेल. एक विनंती मनापासून: मोजा, पण लोकांची नावं-पत्ते कुठे प्रसिद्ध करू नका. आपल्याला संख्या हवी आहे, माणसांची यादी नको.

संपत चाललंय का, याबद्दल. आडनावं संपण्याचं गणित 1873-74 मध्ये गॅल्टन आणि वॉटसन या दोन इंग्रज अभ्यासकांनी मांडायला घेतलं. त्याचं पुढे पक्कं झालेलं सार असं: आडनाव मुलग्यांकडूनच चालत असेल आणि प्रत्येक पुरुषामागे सरासरी एकापेक्षा जास्त मुलगे नसतील, तर ते कधी ना कधी संपतंच. सरासरी जास्त असली तरी थोड्या घरांत असलेलं आडनाव संपण्याची शक्यता काही अंशी राहते. आता घराघरात एक-दोनच मुलं असतात, त्यामुळे मामड्याल हे लेखन काही पिढ्यांनी विरळ होणं अगदी शक्य आहे. मामिडालाला तसा धोका नाही, ते नाव अनेक गावांत, अनेक घरांत आहे. आणि पद्मशालींखेरीज इतर समाजांतही आहे, कारण गावावरून पडलेलं नाव जातीला बांधलेलं नसतं. म्हणूनच तेलंगणात कुणी मामिडाला भेटला की लगेच भाऊबंद धरू नका. आधी गोत्र विचारा. पद्मशालींची परंपरेनं 101 गोत्रं सांगतात, सगळी ऋषींच्या नावाची. आडनाव एक आणि गोत्र वेगळं निघालं तर मूळ घराणं वेगळं.

मूळ गाव शोधायला सगळ्यात कामाचा कागद म्हणजे शाळेचं जनरल रजिस्टर. घरात असतो तो शाळा सोडल्याचा दाखला, ती पुष्कळदा नंतर काढलेली नक्कल असते आणि तिच्यात आडनाव 'सुधारलेलं' असू शकतं. रजिस्टरमध्ये पहिल्या दिवशी लिहिलेलं रूप राहतं, जन्मगाव आणि आधीची शाळाही असते. आजोबांपेक्षा त्यांच्या थोरल्या भावाची किंवा बहिणीची नोंद आधी बघा, कारण थोरल्या भावंडाचा जन्म गावाकडचा असण्याची शक्यता जास्त. शाळेत तेलुगू तुकडी असेल तर ते रजिस्टर मागा, तिथं तुम्हाला पूर्ण 'मामिड्याला' लिहिलेलं दिसू शकेल. त्याखालोखाल गिरणीचे भविष्यनिर्वाह निधीचे कागद, आजींचं विडी कामगार ओळखपत्र, आणि घर स्वतःचं असेल तर सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक.

कागदांपलीकडचे दोन मार्ग आहेत. तेलंगणात पद्मशालींच्या गावी जाऊन मार्कंडेय पुराण सांगणारे कूनपुली असतात, चेरियालच्या चित्रं रंगवलेल्या लांब कापडी पटांवर बोट ठेवत कथा सांगणारे. घराण्यांची आणि गोत्रांची माहिती त्यांच्याकडे मिळू शकते. आपल्या भागात लिंगायत आणि मराठा घरांसाठी हेळवी हेच काम करतात, पण तुमच्या घराची नोंद त्यांच्याकडे शोधू नका. दुसरा मार्ग पंढरपूर. पणजोबा वारीला किंवा अस्थी घेऊन गेले असतील तर क्षेत्रोपाध्यांच्या, म्हणजे तिथल्या पुरोहितांच्या, वहीत नावांबरोबर गाव असतं, ते कदाचित सोलापूरच्या आधीचंही असेल.

पहिलं काम घरातल्या सगळ्यात वयस्कर आत्याला फोन करून गोत्र, कुलदैवत आणि आजोबांच्या बोलण्यात येणारी गावाची नावं विचारायचं. पुरुषांपेक्षा आत्यांना ही माहिती पक्की असते, सोयरिकीच्या बोलण्यात त्यांनी ती ऐकलेली असते. नावं जशी ऐकू येतील तशीच लिहा, मराठीत नीट करू नका. गोत्र आणि ती नावं इथं टाकलीत तर तेलंगणातलं मंडल कोणतं असेल ते आपण मिळून लावू.