‘फायनल’ नावाच्या चार फायली

प्रश्न : आम्ही चौघे गेली काही वर्षे एका दिवाळी अंकाची मांडणी करतो. दोघे कोल्हापुरात, एक पुण्यात आणि चित्रकार मैत्रीण ठाण्यात असते. अंक १९२ पानांचा असून मांडणी इनडिझाइनमध्ये आणि मुखपृष्ठ फोटोशॉपमध्ये होते. फायली व्हॉट्सॲप, ईमेल आणि गूगल ड्राइव्ह अशा तिन्ही वाटांनी फिरतात. गेल्या वर्षी मी एका कवितेतील मुद्रितशोधकाच्या दुरुस्त्या पानावर केल्या. त्याच संध्याकाळी सहकाऱ्याने स्वतःजवळच्या जुन्या प्रतीत जाहिरात बसवून ती ‘फायनल’ म्हणून छापखान्याला पाठवली आणि कविता चुकांसह छापली गेली. नंतर पाहिले, तर ‘फायनल’ नावाच्या चार फायली निघाल्या. माझा धाकटा भाऊ प्रोग्रॅमर आहे. तो म्हणतो, गिट वापरा, म्हणजे फायलींतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी प्रणाली. आम्हाला ते जमेल का, आणि त्याने हा घोळ थांबेल का?
— एक मांडणीकार, कोल्हापूर

उत्तर : जमेल, मात्र घोळ कितपत थांबेल, हे गिटपेक्षा आपल्या फायली कोणत्या जातीच्या आहेत यावर अवलंबून आहे.

गिट हे लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स या संगणकप्रणालीच्या कामासाठी लिहिले, म्हणजे ते जन्मले ते प्रोग्रॅमच्या मजकुरासाठी. मजकूर ओळींचा असतो. एकाने दहावी ओळ बदलली आणि दुसऱ्याने चाळिसावी, तर गिट दोन्ही बदल एकत्र करून देते. दोघांनी एकच ओळ बदलली असेल तर थांबते आणि माणसाला विचारते. इनडिझाइनच्या किंवा फोटोशॉपच्या फाइलला अशा ओळी नसतात. त्यामुळे आपली कविता आणि सहकाऱ्याची जाहिरात वेगवेगळ्या पानांवर असूनही गिटला त्या दोन बदलांची मोट बांधता आली नसती. एवढे मात्र झाले असते, की सहकाऱ्याने आपली प्रत सर्वांच्या सामायिक साठ्यात चढवू पाहताच ‘तुमच्यानंतर इथे दुसरा बदल झाला आहे’ असे सांगून गिटने ती नाकारली असती. चूक गुपचूप घडली नसती. पण दोहोंपैकी एक प्रत निवडून दुसरीतील काम हाताने पुन्हा करणे त्याला चुकले नसते. शिवाय छापखान्याला ईमेलने परस्पर फाइल पाठवण्यापासून त्याला गिटही अडवू शकले नसते.

म्हणून मांडणीच्या कामात ‘बदल एकत्र कसे करायचे’ यापेक्षा ‘ही फाइल या घटकेला कोणाच्या हातात आहे’ हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. खिळ्यांच्या काळात हा प्रश्नच नव्हता, कारण जुळवलेले पान एका वेळी एकाच टेबलावर असू शकत होते. संगणकाने प्रती काढणे फुकट केले आणि हा आपसूक मिळणारा पहारा गेला. तो परत आणण्यासाठी फाइलला कुलूप लावण्याची सोय असते. सबव्हर्जन या जुन्या प्रणालीत ती आहे, आणि मोठ्या फायलींसाठी असलेल्या ‘गिट एलएफएस’ या जोडणीतही आहे. तिथे ती चालू केली, की कुलूप न घेतलेली फाइल आपल्या डिस्कवर नुसती वाचण्यापुरती राहते, आणि कुलूप कोणाकडे आहे हे सर्वांना पाहता येते. आपल्या चौघांत हे एका सामायिक तक्त्यानेही साधेल, फक्त तक्ता न पाहता फाइल उघडायची नाही हा नियम पाळावा लागेल. तो अंकाच्या शेवटच्या आठवड्यात पाळला जात नाही असा माझा अनुभव आहे, म्हणून यंत्राचे कुलूप बरे.

आता १९२ पाने एकाच फाइलमध्ये असतील, तर कुलूप लावणे म्हणजे तिघांनी हात बांधून बसणे. तेव्हा फाइल फोडा. इनडिझाइनमध्ये ‘बुक’ नावाची सोय आहे. प्रत्येक लेखाची किंवा विभागाची स्वतंत्र फाइल ठेवून त्या सर्वांची एक माळ करता येते. पानांचे क्रमांक पुढे सलग चालतात, आणि एक फाइल मूळ मानून तिच्या परिच्छेदशैली व रंग बाकीच्या फायलींत उतरवता येतात. कथा एकाने, कविता दुसऱ्याने, जाहिरातींची पाने तिसऱ्याने अशी वाटणी त्यामुळे शक्य होते. गेल्या वर्षी कविता आणि जाहिरात दोन वेगळ्या फायलींत असती, तर आपल्याला हे पत्र लिहावे लागले नसते. कोणती फाइल दुसऱ्याने उघडली आहे याची खूण बुकच्या पॅनलमध्ये दिसते खरी. परंतु ती एकाच सामायिक डिस्कवर काम करणाऱ्यांसाठी आहे, तीन गावांत बसून तिच्यावर विसंबू नये. आणि चौघांकडेही इनडिझाइनची एकच आवृत्ती असावी, कारण नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुनीत सरळ उघडत नाही.

गिटचा खरा लाभ आपल्याला मजकुरात होईल. लेख आणि कविता पानावर बसण्यापूर्वी साध्या मजकूर-फायलींत ठेवा आणि मुद्रितशोधकाच्या पहिल्या दोन वाचनांच्या दुरुस्त्या तिथेच होऊ द्या. कोणत्या ओळीतला कोणता शब्द कधी, कोणी बदलला हे गिट नेमके दाखवते. त्याला एक अट आहे : मजकूर युनिकोडमध्ये हवा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉण्टात टंकलेला मजकूर फॉण्ट काढताच रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा भुसा दिसतो, आणि गिटही आपल्याला तोच भुसा दाखवील.

युनिकोडमध्येही एक जागा जपावी लागते. ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा र दोन प्रकारांनी टंकता येतो : एक, खाली टिंब असलेल्या ‘ऱ’पासून, दुसरा, साध्या ‘र’ला हलन्त देऊन त्यापुढे न दिसणारे एक जोडचिन्ह घालून. पानावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत. लेखकाचा कळफलक एका प्रकारचा आणि मुद्रितशोधकाचा दुसऱ्या प्रकारचा असला, की डोळ्यांना एकही फरक न दिसणारी ओळ गिट ‘बदलली’ म्हणून रंगवते, आणि माणूस ती पाच वेळा वाचून स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेतो. मजकूर आला, की ‘शोधा आणि बदला’ वापरून तो एका प्रकारावर आणून घ्यावा आणि मगच गिटमध्ये पहिली नोंद करावी.

मुखपृष्ठाची अडचण आकारमानाची आहे. ए-४ आकाराचे पान इंचाला ३०० बिंदू या मापाने धरले, तर सुमारे ८७ लाख बिंदू होतात. छपाईच्या चार रंगांचे प्रत्येकी एक बाइट धरले, तर पानभर पसरलेला एक थर दाबण्यापूर्वी ३५ एमबीच्या आसपास जातो. दहा थरांचे चित्र प्रत्येक ‘सेव्ह’ला नोंदवत गेलात, तर इतिहास चित्रापेक्षा कितीतरी जड होईल. गिटहब ही गिटचे साठे इंटरनेटवर ठेवणारी सेवा तर १०० एमबीहून मोठी फाइल साध्या गिटमधून स्वीकारतच नाही. तिथे वर सांगितलेले एलएफएस लागते. ते इतिहासात फाइलऐवजी तिचा छोटासा पत्ता ठेवते आणि फाइल वेगळ्या जागी साठवते. तरीही मैत्रिणीने नोंद करावी ती निर्णय झाल्यावर, आणि सोबत लहान आकाराचे एक चित्रही ठेवावे. गिटहबवर जुने आणि नवे चित्र एकमेकांवर ठेवून मधला पडदा सरकवत फरक पाहता येतो.

नोंदीत काय लिहायचे याबद्दल आपण विचारलेले नाही, पण सारी मदार तिथेच आहे. ‘बदल केले’ या नोंदीचा दसऱ्याच्या सुमारास काही उपयोग नसतो. ‘शीर्षक ४ मिमी खाली घेतले, कारण वरची कड कापताना मात्रा जात होत्या’ असे लिहिलेले असेल, तर दुसरा माणूस ते शीर्षक पुन्हा वर नेणार नाही.

यंदाच सर्व काही करू नका. मांडणी फोडणे, कुलूप आणि मजकुरासाठी गिट, इतके पुरे. चित्रे एलएफएसमध्ये आणण्याचे काम भाऊ हाताशी असताना पुढच्या वर्षी करा. तोवर चित्रे ड्राइव्हवर राहू द्या, पण तिथे अशा फायलींच्या जुन्या आवृत्त्या साधारण ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंतच टिकतात, तेव्हा महत्त्वाच्या आवृत्तीवर ती कायम ठेवण्याची खूण करावी. छापखान्याला फक्त पीडीएफ जावी, ती चौघांपैकी ठरलेल्या एकानेच पाठवावी आणि पाठवताच त्या स्थितीला गिटमध्ये ‘छापखाना-१’ असा टॅग द्यावा. दुरुस्ती निघाली, तर पुढचा टॅग ‘छापखाना-२’. ‘फायनल’ हा शब्द फाइलच्या नावात कोणीही वापरू नये.

प्रश्न : आम्ही तिघी मैत्रिणी एका ॲपचे डिझाइन फिग्मा या ऑनलाइन डिझाइन-साधनात करतो. तिथे सगळ्या एकाच फाइलमध्ये एका वेळी काम करतात आणि सर्व आपोआप जतन होते. मग आम्हाला व्हर्जन कंट्रोल, म्हणजे गिटसारखी आवृत्त्या सांभाळणारी व्यवस्था, लागते का?
— एक विद्यार्थिनी, पणजी

उत्तर : एकीचे काम दुसरीने पुसण्याचा धोका तिथे बराच कमी आहे, पण ग्राहकाने पसंत केलेली स्थिती कोणती होती, हे आपोआप जतन होण्यातून कळत नाही. प्रत्येक पसंतीनंतर आवृत्तीला नाव आणि दोन ओळींचे वर्णन द्या. मोफत योजनेत गेल्या ३० दिवसांचाच इतिहास दिसतो आणि ब्रँचची, म्हणजे मूळ फाइलला हात न लावता फाट्यावर काम करण्याची, सोय मोठ्या संस्थांसाठीच्या योजनांत आहे, म्हणून पसंत झालेल्या स्थितीची वेगळी फाइलही करून ठेवावी. जुनी आवृत्ती ‘रिस्टोर’ केली, की तिघींचीही संपूर्ण फाइल मागे जाते. तुम्हाला बहुधा ॲपचा एखादाच जुना पडदा (स्क्रीन) परत हवा असतो. तेव्हा ती आवृत्ती वेगळी फाइल म्हणून उघडावी आणि तिथून तेवढाच पडदा उचलून चालू फाइलमध्ये आणावा.