बायबलनुसार धन्याकडून पळून गेलेला गुलाम पापी ठरतो का?

तुम्ही विचारलंय की इफिसकरांस पत्रात प्रेषित पौल दासांना धन्याच्या आज्ञेत राहायला सांगतो, अनेसिम नावाच्या दासाला तर तो त्याच्या धन्याकडे, फिलेमोनाकडे, परतच पाठवतो. मग अमेरिकेत जे गुलाम पळाले त्यांनी पाप केलं असंच म्हणावं लागेल ना?

माझं उत्तर 'नाही' असं आहे. पण हाच प्रश्न ज्याच्या स्वतःच्या जिवाशी आला होता, त्या माणसाची हकिगत आधी सांगतो.

जोसाया हेन्सन हा अमेरिकेतल्या मेरीलँडमधला गुलाम. मनापासून ख्रिस्ती, पुढे उपदेशकही झाला. १८२५ मध्ये त्याचा धनी आयझॅक रायली कर्जात बुडाला. गुलाम जप्त होऊ नयेत म्हणून त्यानं हेन्सनला गळ घातली, माझी माणसं केंटकीला माझ्या भावाकडे नेऊन पोचव. हेन्सननं शब्द दिला. बायको, दोन मुलं आणि आणखी अठरा जणांना घेऊन तो निघाला. वाटेत ओहायो नदीवर सिनसिनाटी लागलं. ओहायोत गुलामगिरीला बंदी होती. काठावरचे मुक्त काळे लोक सांगू लागले, उतरा, इथेच राहा, सुटलात तुम्ही! बरोबरची माणसं हरखून गेली. हेन्सननं मात्र होडी पुढे हाकारली. धन्याला देवानं आपल्यावर नेमलंय, हे तो लहानपणापासून प्रवचनांत ऐकत आला होता. पळायचं नाही, पैसे भरून रीतसर सुटायचं, असं त्याच्या मनात होतं.

पुढे त्या अठरा जणांना रायलीनं केंटकीतच विकून टाकलं. हेन्सनच्या सुटकेचा सौदा ४५० डॉलरला ठरला होता. घोडा विकून, उपदेश करून मिळवलेले ३५० त्यानं रोख मोजले. केंटकीत परत पोचल्यावर कळलं की कागदावर रक्कम १००० झाली आहे. मग त्याला विकायलाच न्यू ऑर्लिन्सला नेलं. धन्याचा पुतण्या तापानं फणफणला म्हणून तो सौदा राहिला, आणि त्या पुतण्याची सेवा करत त्याला घरी आणणारा कोण, तर हेन्सनच.

१८३० च्या सप्टेंबरात तो पळाला. बायकोनं जाड्याभरड्या कापडाची मोठी झोळी शिवली होती. धाकटी दोन मुलं तिच्यात बसवून तो आधी कित्येक रात्री खोपटाभोवती फेऱ्या मारत होता, खांद्यांना सवय व्हावी म्हणून. मुलांना तो खेळच वाटे. २८ ऑक्टोबरला कॅनडाच्या काठावर उतरल्यावर तो वाळूत असा लोळला की बघणाऱ्यांना वेड लागल्यासारखा वाटला. १८४९ मध्ये त्यानं ही सगळी हकिगत छापली. सिनसिनाटीहून होडी पुढे नेल्याचा पश्चात्ताप त्यानं तीत मोकळेपणानं लिहिलाय. पळाल्याचा पश्चात्ताप कुठेही नाही.

आता वचनांकडे येऊ. जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकात (२३:१५-१६) धन्याकडून पळून आलेल्या दासाला परत देऊ नकोस, त्याला आवडेल त्या गावी राहू दे, त्याला जाचू नकोस, असं स्वच्छ सांगितलंय. याचं वजन कळायला शेजारचा कायदा बघा: प्राचीन बाबेलचा राजा हम्मुराबी याच्या संहितेत पळालेल्या गुलामाला घरात लपवणाऱ्याला देहदंड होता. आणि १८५० चा अमेरिकेचा कायदा? आसरा देणाऱ्याला १००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. तो या दोघांतल्या कोणत्या बाजूला झुकलेला आहे ते तुम्हीच ठरवा. त्याच वर्षी मोझेस स्टुअर्ट या मोठ्या बायबलपंडितानं, अनुवादातली आज्ञा परराष्ट्रातून इस्राएलात आलेल्या दासांपुरती आहे, म्हणून ती व्हर्जिनियाच्या गुलामाला लागू नाही, असं मांडलं. ती आज्ञा परदेशातून आलेल्यांसाठी असावी, हे मलाही पटतं. पण मग परका माणूस संरक्षणाला पात्र आणि शेजारच्या प्रांतातला ख्रिस्ती भाऊ नाही, असं होतं. व्याकरण सांभाळताना पंडितजींचा धर्म हातून निसटला.

बायबल गुलामगिरीच्या साफ विरोधात आहे, असंही मी म्हणणार नाही. लेवीय २५ मध्ये परदेशी दास मुलांना वारसाहक्कानं देता येतात. निर्गम २१ मध्ये मारहाणीनंतर दास एक-दोन दिवस जगला तर धन्याला शिक्षा नाही, कारण 'तो त्याचं धन आहे'. ही वचनं चर्चमध्ये फारशी वाचली जात नाहीत. पण त्याच अध्यायात, सोळाव्या वचनात, माणूस चोरून विकणाऱ्याला देहदंड आहे. आफ्रिकेतून आणलेला एकेक माणूस असाच चोरलेला होता. चोरीचा माल स्वतःच्या पायांनी चालत गेला तर चोरी कुणी केली?

पौलाबद्दल. 'आज्ञा पाळा' हे तो दासाला सांगतो. धन्याला तुझा हक्क आहे असं कुठे सांगत नाही. उलट करिंथकरांस पहिल्या पत्रात (७:२१), मोकळं होता येत असेल तर ती संधी घे, असं म्हणतो. मूळ ग्रीक वाक्य थोडं अर्धवट आहे, त्यामुळे काही जण उलटा अर्थ लावतात, पण मला तो ओढूनताणून आणलेला वाटतो.

आणि अनेसिम. तो 'पळाला' असं फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रात कुठेही सरळ लिहिलेलं नाही, 'काही काळ वेगळा झाला' एवढंच आहे. जॉर्जियात १८३३ मध्ये चार्ल्स कॉलकॉक जोन्स नावाच्या पाळकानं याच पत्रावरून गुलामांपुढे पळून जाण्याचा निषेध केला, तेव्हा अर्धे श्रोते उठून चालते झाले. असलं पत्र बायबलात नाहीच, असं काहींनी त्याला ठणकावलं. पत्र आहे. पण जोन्सनं सांगितलं ते त्यात नाही. माझ्या बायबलात ते जेमतेम दीड पान आहे, एकदा सलग वाचून बघा. सोळाव्या वचनात पौल म्हणतो, याला आता दास म्हणून नको, प्रिय भाऊ म्हणून घे. आणि १८-१९ मध्ये, त्यानं तुझं काही देणं केलं असेल तर माझ्या नावावर मांड, मी फेडीन, असं स्वतःच्या हातानं लिहून देतो. हेन्सनच्या ३५० डॉलरचा हिशेब मात्र रायलीकडे कुणी मागितला नाही.