आभार मानायचे म्हणजे तक्रार करायचीच नाही का?

प्रश्न : अक्का, सलाम. मी खानापूर तालुक्यातनं रोज बेळगावला कामाला येते. सकाळी बसच्या दारात लोंबकळायचं, संध्याकाळी घरी पोचलं की लाईट गेलेली, आणि पाणी आठवड्यातनं एकदा तेपण रात्री दोनला, उठून घागरी भरायच्या. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका मावशींकडे बोलले तर म्हणाल्या, बस फुकट आहे की, देवाचे उपकार मान, कुरकुर करणं पाप आहे. तेव्हापासून प्रार्थनेत "प्रभू तुझे आभार" म्हणताना खोटं बोलल्यासारखं वाटतंय. काय करू?

उत्तर : सलाम गं. मावशींचं अर्धं बरोबर आहे. ११ जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत आपल्या बायकांना साध्या सरकारी बसला पैसे पडत नाहीत, कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट देतो, आणि महिन्याला वाचतात ते पैसे काही थोडे नाहीत, त्याचे आभार मानच. पण म्हणून दारात लोंबकळणं बरं झालं असं थोडंच आहे?

मावशींच्या मनात जे वचन असणार ते बायबलमधल्या प्रेषित पौलाचं, सर्व स्थितीत उपकारस्तुती करा, थेस्सलनीका गावच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं (१ थेस्सलनीकाकरांस ५:१८). आता हा माणूस थेस्सलनीकाला कुठनं आला होता ते बघ. फिलिप्पै गावात त्याला आणि त्याचा सोबती सीला याला भर चौकात कपडे फाडून छड्यांनी मारलं, आतल्या कोठडीत टाकून पाय खोड्यात अडकवले, आणि मध्यरात्री हे दोघं प्रार्थना करत गाणी म्हणत होते (प्रेषितांची कृत्ये १६). इथपर्यंत उपदेशात सगळेच सांगतात. पण सकाळी काय झालं? अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला, सोडून द्या त्यांना. तर पौल म्हणतो, आम्ही रोमन नागरिक, चौकशी न करता चारचौघांत मारलंत आणि आता गुपचूप घालवताय होय, ते चालायचं नाही, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावं. आले की मग, घाबरून, विनवण्या करत! तिथनं निघून पौल थेस्सलनीकाला गेला आणि त्यानंतर काही महिन्यांनी त्याच गावाला हे पत्र लिहिलं. म्हणजे रात्री स्तुती करणारा आणि सकाळी साहेबाला बोलावून घेणारा माणूस एकच. आमच्या उपदेशांत हा सकाळचा भाग का गळतो काय की, मला तरी वाटतं गप्प बसणारी माणसं सगळ्यांनाच सोयीची पडतात, आणि त्यातल्या त्यात बायका.

देवापुढे रडगाणं गायचं की नाही याची तर काळजीच करू नको. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांत तक्रारीची कितीतरी आहेत. १३वं "किती वेळ" म्हणत सुरू होतं आणि शेवटी गाण्यावर येतं, ८८वं तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, त्यात वळण म्हणून नाही, तरी पवित्र शास्त्रात आहेच ना ते. एखाद्या दिवशी आभाराचा शब्दच निघत नसेल तर हे ८८वं मोठ्याने वाच आणि झोप.

खोटं वाटायचं आणखी एक कारण मला दिसतंय, तू आभार घाऊक मानतेस. सगळ्याबद्दल धन्यवाद प्रभू म्हटलं की त्यात काहीच नसतंय. त्यापेक्षा रात्री दोनला घागर नळाखाली लावल्यावर ती भरेपर्यंत काहीतरी एकच नाव घेऊन सांग, आज अमकीनं माझी पिशवी मांडीवर घेतली, आज शेजारच्यांनी पाणी आलं म्हणून दार वाजवलं. लाईट गेली त्याबद्दल धन्यवाद म्हणायची काही गरज नाही, देवाला नाटक नको असतंय. आणि ज्या माणसामुळे बरं वाटलं त्याला तोंडावर पण सांग, देवाला सांगितलं म्हणजे माणसाचं फिटलं असं नव्हे.

बाकी बसचं अर्ज केल्याशिवाय होणार नाही. सकाळची एक गाडी वाढवा म्हणून डेपो मॅनेजरच्या नावे लिही, बसमधल्या सगळ्यांच्या सह्या घे. कानडीत कसं लिहू म्हणून अडून बसू नको, रोजच्या कानडी मैत्रिणी आहेत की, त्यापण त्याच दारात लोंबकळतात, त्यांच्याकडनं लिहून घे. आणि देताना एक झेरॉक्स जवळ ठेवून त्यावर सही-शिक्का घेतल्याशिवाय तिथनं हलू नको.