मुनीम रिकामा, तरी दुकान तुंबलेलं

प्रश्न : सर, मी परभणीला बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्या जुन्या लॅपटॉपला 4 जीबी रॅम अन् साधी हार्ड डिस्क. क्रोमच्या पंधरा-वीस टॅब, वर्ड अन् ऑनलाईन लेक्चर एकदम चालू केलं की लैच हँग होयलाय, माऊस पण अडकतो. टास्क मॅनेजरमध्ये बघितलं तर सीपीयू फक्त 9 टक्के, मेमरी 96 अन् डिस्क 100! प्रोसेसर रिकामा बसलाय तर मशीन कामून हळू? दुकानदार म्हणतो नवा घ्या.
– एक विद्यार्थिनी

उत्तर : थांब, नवा लगेच घेऊ नको. तो 9 चा आकडा बघितलास ना, सगळी गोष्ट त्यातच आहे. ऑपरेटिंग सिस्टीमच्या पेपरात 'थ्रॅशिंग'वर (रॅम कमी पडली की खरं काम थांबून रॅम अन् डिस्कमध्ये नुसती ने-आण चालू राहणं) टीप लिहा असं येतं ते हेच, पोरं व्याख्या घोकतात अन् आपल्याच लॅपटॉपवर समोर चालू असलं तरी ओळखत नाहीत.

कॉलेजात असताना मी सुट्टीत लातूरच्या मोंढ्यात मामाच्या आडत दुकानावर बसायचो. मुनीमजींचा हात लई चालायचा, पण पुढ्यातल्या डेस्कवर वह्या मावायच्या चारच, बाकीच्या मागं गोदामात. सोयाबीनच्या दिवसात गर्दी झाली की ज्याचा हिशोब करायचा त्याची वही नेमकी गोदामात, मग पोरगं पळायचं, वही आणायचं, डेस्कवर जागा नाही म्हणून तिथली एक उचलून न्यायचं, अन् दोन मिनिटात त्याच उचललेल्या वहीवाला समोर उभा! मुनीमजी पेन कानाला लावून बसलेले, पोरगं घामाघूम. अन् मामा काय करायचा? मुनीम रिकामा दिसायलाय म्हणून अजून चार जणांना आत बोलवायचा.

मुनीम म्हणजे प्रोसेसर, डेस्क म्हणजे रॅम, गोदाम म्हणजे हार्ड डिस्क. फक्त इथं अख्खी वही जात-येत नाही, पानं जातात, नावच पेज आहे त्याचं, अन् आपल्या नेहमीच्या पीसीत एक पेज साधारण 4096 बाईटचं. प्रोग्रामला हवं असलेलं पेज रॅममध्ये नसलं की पेज फॉल्ट होतो, मग ऑपरेटिंग सिस्टीम मधी पडते, एखादं पेज बाहेर काढते अन् हवं ते आत आणते. बाहेर जाणाऱ्या पेजवर काही नवीन लिहिलेलं असेल तर ते आधी डिस्कवर उतरवावं लागतं, म्हणजे एका कामाला दोन खेपा.

खेप किती महाग पडते ते बघ. रॅमला साधारण 100 नॅनोसेकंद लागतात अन् हार्ड डिस्कला 10 मिलिसेकंद धर, म्हणजे 1 लाख पट. डेस्कवरची वही उचलायला 1 सेकंद लागत असेल तर गोदामातून आणायला सत्तावीस तासांच्या वर! म्हणून हजारात एकच पेज फॉल्ट झाला तरी सरासरी वेळ 100 वरून 10,100 नॅनोसेकंदाच्या आसपास जातो, शंभर पट. पेपरात हे गणित येतं, करून बघ एकदा.

मामाची चूक जुन्या मेनफ्रेमनी, म्हणजे अनेकांची कामं एकदम चालवणाऱ्या मोठ्या कॉम्प्युटरांनी, पण केली बरं का. सीपीयू रिकामा दिसला की सिस्टीम अजून जॉब आत घ्यायची अन् आणखीच तुंबायची. 1968 ला अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनी 'वर्किंग सेट' मांडला. प्रोग्रामला सध्या लागणारी पानं रॅममध्ये मावणार असतील तरच त्याला आत घ्यायचं, नाहीतर बाहेर थांबवायचं.

तुझ्यापुरतं सांगायचं तर लेक्चरच्या वेळी टॅब कमी कर. रॅमचा स्लॉट रिकामा आहे का ते बघून अजून 4 जीबी टाक. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे तिच्याहून वेगवान डिस्क, टाकली तर फरक भारी जाणवतो पण डेस्क तेवढंच राहतं, फक्त गोदाम जवळ येतं.

प्रश्न : जालन्याला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पीसीत 8 जीबी रॅम टाकली तरी वापरायला 4 च्या आतच मिळते. रॅम डुप्लिकेट दिली का?
– एक दुकानदार

उत्तर : काका, रॅमवाल्याशी भांडायच्या आधी सेटिंगमध्ये 'सिस्टीम टाईप' बघा, बहुतेक विंडोज 32 बिटची निघेल. 32 बिटात पत्ते होतात 4,294,967,296, एका बाईटला एक पत्ता म्हणजे 4 जीबीला गाडी थांबली, त्यातले काही पत्ते ग्राफिक्स कार्ड वगैरे घेतात. त्याच ओळीत प्रोसेसर 64 बिट लिहिला असेल तर विंडोज 64 बिटची टाका. ती जुनीवर अपडेट म्हणून बसत नाही, नव्यानंच टाकावी लागते, तेव्हा गिऱ्हाइकांच्या फायली आधी पेनड्राईव्हवर काढून घ्या. प्रिंटरचा ड्रायव्हर पण 64 बिटचा मिळतो का ते आधीच बघा, जुन्या प्रिंटरला तिथंच अडतं.

प्रश्न : सी ड्राईव्ह भरलाय. पेजफाईल डॉट सिस नावाची भली मोठी फाईल आहे, उडवू का?
– उदगीरचा एक वाचक

उत्तर : नका. पहिल्या उत्तरात रॅममधली पानं बाहेर काढून गोदामात ठेवतात म्हटलं ना, ती ठेवायची जागा हीच फाईल. डाऊनलोड्सचं फोल्डर उघडा आधी, लग्नाचे व्हिडिओ तिथंच पडलेले असतात.