टॅक्स भरतो एक, झळ बसते दुसऱ्याला

तुझा मेसेज आणि किमान वेतन वाढवलं की नोकऱ्या जातातच असं म्हणणारा तुझा सोबतचा लेख, दोन्ही वाचले. जास्त टॅक्स आणि किमान वेतन या विषयावर लोक इतकं छातीठोकपणे बोलतात की आपल्यालाही वाटायला लागतं, एक बाजू आत्ताच्या आत्ता निवडलीच पाहिजे. घाई करू नकोस. मी तुझ्या वयात एक बाजू धरून बसलो आणि समोरच्याचं ऐकूनच घेतलं नाही, त्यात बरीच वर्षं वाया गेली.

पहिली सवय ही लाव की कायद्यात टॅक्स कोणाच्या नावावर आहे तेवढं बघून थांबायचं नाही, शेवटी झळ कोणाला बसली ते शोधायचं. अमेरिकेत 1991 पासून महागड्या बोटींवर लक्झरी टॅक्स लागला, 1 लाख डॉलरच्या वर जेवढी किंमत असेल त्यावर 10 टक्के. पैसेवाल्यांना बोट ही काही रोजची गरज नव्हती, त्यांनी खरेदी पुढे ढकलली किंवा जुनी बोट घेतली, आणि काम गेलं ते बोटी बांधणाऱ्या कारागिरांचं. तेव्हा मंदीही होती, त्यामुळे सगळा दोष टॅक्सवर टाकू नकोस, पण 1993 मध्ये तो काढून टाकावा लागला. ज्याला बाजूला सरकता येतं तो सरकतो, ज्याला येत नाही त्याच्यावर ओझं पडतं.

दुसरं म्हणजे दर किती आहे. थोड्या टॅक्समुळे जे व्यवहार मोडतात ते तसेही काठावरचे असतात, पण दर वाढत गेला की चांगले, खरंच फायद्याचे व्यवहारही मोडायला लागतात, म्हणून दर दुप्पट झाला तर नुकसान साधारण चौपट होतं. 1970 च्या दशकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये गुंतवणुकीच्या उत्पन्नावर सगळ्यात वरचा दर 98 टक्के होता. शंभरातले दोन पाउंड हातात! मग माणसाचं डोकं कमावण्यापेक्षा टॅक्स चुकवायच्या वाटा शोधण्यातच जाणार ना. पण म्हणून टॅक्स कापला की तिजोरी आपोआप भरते असंही नाही, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याने 2012 मध्ये मोठी कपात केली, तिजोरीत खड्डा पडला, आणि 2017 मध्ये त्यांच्याच विधिमंडळाने ती बरीचशी मागे घेतली.

आता पगाराचं. तू लिहिलंयस की किमान वेतन वाढवलं की नोकऱ्या जातातच. हा "च" मला खटकला.

1992 मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने किमान वेतन तासाला 4.25 वरून 5.05 डॉलर केलं. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी तिथली आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातली फास्ट फूडची दुकानं ताडून पाहिली आणि नोकऱ्या घटल्याचं त्यांना दिसलं नाही. त्यावर खूप वाद झाले, इतरांनी वेगळा डेटा घेऊन उलट निष्कर्षही काढले, पण कार्ड यांना 2021 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्यात या कामाचा वाटा आहे. असं का होऊ शकतं? कारण जिथे काम देणारे मोजकेच असतात तिथे कामगाराला त्याच्या कामाच्या किमतीपेक्षा कमी पगारावर राबवता येतं, आणि तिथे कायद्याने पगार थोडा वर ढकलला तरी मालकाला माणूस ठेवणं परवडतं.

पण थोडा हं! 1938 मध्ये अमेरिकेने तासाला 25 सेंटचं किमान वेतन आणलं आणि तेच आपल्या ताब्यातल्या प्युर्टो रिको या कॅरिबियन बेटालाही लागू केलं, जिथे पगार त्याच्या कितीतरी खाली होते. भरतकाम-शिवणकाम करणाऱ्या बायकांचं काम बुडालं, आणि 1940 मध्ये तिथल्यापुरता कायदा बदलावा लागला. 25 सेंट तेच, फक्त तिथल्या नेहमीच्या पगाराच्या मानाने ते फार जास्त होते. म्हणून नुसता आकडा ऐकून मत बनवू नकोस, त्या भागातल्या मधल्या माणसाच्या, म्हणजे निम्मे ज्याच्यापेक्षा कमी आणि निम्मे जास्त कमावतात त्याच्या, पगाराच्या तो किती टक्के आहे ते आधी काढ.

आणि ज्याला नोकरी मिळालीच नाही त्याला विसरू नकोस. कामावरून काढलेला माणूस दिसतो, त्याची बातमी होते, पण अनुभव नाही म्हणून ज्याला दारातच नको म्हटलं तो कुठल्याच बातमीत येत नाही, आणि पगाराचा नियम चुकला तर पहिला मार त्यालाच बसतो. मला या सगळ्यात सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते.

तुझ्या लेखात तिसऱ्या परिच्छेदात "नोकऱ्या जातातच" आहे, तिथे कुठे, किती वाढीवर आणि कोणाच्या, हे तीन प्रश्न घाल आणि परत पाठव.